उंचावर उतरणे

मराठीत प्रवासी हॉटेलात ‘उतरतो’. तो मुंबईस गेला तरी उतरतो, आणि सहा हजार फूट चढून एखाद्या गिरिशिखरावर गेला तरी तेथेही उतरतोच. घोड्यावरून किंवा गाडीतून खाली येऊन पाय जमिनीला टेकणे हा या क्रियापदाचा साधा अर्थ. मुक्काम हा अर्थ प्रवासाच्या ओघात त्याला येऊन मिळाला. एरवी या शब्दाकडे कोणी लक्ष देणार नाही. परंतु युरोपातील उंच पर्वतांवरच्या श्रीमंती हॉटेलांना विषय करून ज्या काही चांगल्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या आहेत, त्या एकामागून एक वाचल्या म्हणजे असे वाटू लागते की, आपल्या बोलीतील या शब्दाने टीकाकाराच्या हाती नकळत एक कसोटीच ठेवली आहे. अशा कादंबरीत नायक वर कसा चढतो याला फारसे महत्त्व नसते. गाठीला पैसा असला, किंवा पैसेवाला आप्त असला, म्हणजे वर जाता येते. तो खाली कसा येतो, कोणत्या स्थितीत येतो, आणि खाली आल्यावर त्याला आपले जुने घर आपले वाटते की नाही, यावर त्या कादंबरीचे मोल ठरते.

प्रस्तुत लेखात तीन कादंबऱ्या या कसोटीवर घासून पाहावयाच्या आहेत. पहिली आल्फाँस दोदे या फ्रेंच विनोदकाराची ‘आल्प्समधील तार्तारँ’ (१८८५). दुसरी टोमास मान याची ‘जादूचा पर्वत’ (१९२४). आणि तिसरी श्टेफान त्स्वाइग याची अपुरी राहिलेली कादंबरी, जी त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, १९८२ साली, प्रसिद्ध झाली आणि २००८ च्या इंग्रजी भाषांतरामुळे ‘पोस्टातली मुलगी’ अशा अर्थाच्या नावाने पुष्कळांच्या परिचयाची झाली. या तिघींत मानची कादंबरी सर्वश्रेष्ठ आहे, याविषयी वाद नाही. तथापि उंचावरच्या हॉटेलाचे खरे स्वरूप काय, या एका प्रश्नापुरता तिसरीलाच पहिला मान द्यावा लागतो असे माझे मत आहे. आणि ते का, हे सांगणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या हॉटेलांची थोडी पूर्वपीठिका पाहू. आल्प्सच्या उंचीवर हौसेने जाऊन राहणे ही फार जुनी गोष्ट नव्हे. शेकडो वर्षे माणसे ते पर्वत ओलांडीत, ती नाइलाजाने. ग्रेट सेंट बर्नार्ड या खिंडीत, २,४६९ मीटर उंचीवर, ख्रिस्ती साधूंनी अकराव्या शतकात एक आश्रयस्थान उभारले. हिमवादळात सापडलेल्या वाटसरूला तेथे अन्न आणि ऊब मिळे, आणि तो कोण, कोठला, त्याच्या कनवटीला काय आहे, याची चौकशी आधी होत नसे. आपल्याकडच्या धर्मशाळेचेच ते भावंड म्हणावयास हरकत नाही. एकोणिसाव्या शतकात मात्र पर्वताविषयीच्या भयाची जागा प्रीतीने घेतली. १८५७ साली लंडनमध्ये आल्पाइन क्लब निघाला. १८६३ साली टॉमस कुकने आपली पहिली प्रवासी टोळी स्वित्झर्लंडात नेली. १८७१ साली व्हिट्स्नाउ गावापासून रिगी पर्वतावर चढणारी, युरोपातील पहिली, दातेरी रुळांची आगगाडी सुरू झाली. आणि त्याच वर्षी लेस्ली स्टीफन या गिर्यारोहक टीकाकाराने आल्प्सला ‘युरोपचे क्रीडांगण’ हे नाव आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच देऊन टाकले. क्रीडांगण म्हटले की प्रेक्षक आले, आणि प्रेक्षक आले की त्यांच्या जेवणाखाण्याची व झोपण्याची सोय आली. मार्क ट्वेनने १८८० च्या आपल्या प्रवासग्रंथात रिगीवर सूर्योदय पाहावयास गेलेल्या प्रवाशाची जी फजिती वर्णिली आहे, ती या प्रेक्षकवर्गाची पहिली चांगली थट्टा होय. दिवसभर झोपून उठलेला तो प्रवासी मावळत्या सूर्याकडेच उगवता सूर्य म्हणून पाहत राहतो.

याच काळातील आणखी एक घटना येथे नमूद केली पाहिजे. १४ जुलै १८६५ रोजी सात जणांनी मॅटरहॉर्नचे शिखर प्रथम गाठले. त्यांपैकी चौघे मरण पावले, आणि ते चौघेही उतरताना. गिर्यारोहकांनी ती गोष्ट कायमची ध्यानात ठेवली. हॉटेलाचे कौशल्य असे की, तेथे येणाऱ्याला ती विसरता यावी. हॉटेल पर्वताला खिडकीपाशी आणून उभे करते आणि काचेपलीकडेच थोपवून धरते. बाहेर हिमनदी, आत वाफेने तापविलेली खोली. बाहेर घोंघावणारा वारा, आत वाद्यवृंद. आणि रात्रीच्या जेवणाला खास निराळा पोशाख, जणू काही आपण समुद्रसपाटीवरच्या राजधानीतच बसलो आहोत. त्या उंचीवर पिकते ते थोडेच. अंडे, द्राक्षासव, कोळसा, धुतलेल्या चादरी, फार काय, जेवण वाढणारा मनुष्यदेखील खालून वर आणावा लागतो. वरच्या सुखाची सारी मुळे खाली असतात. परंतु वर बसलेल्याला ती दिसू नयेत अशी तेथील सर्व रचना असते. लेखकापुढचा प्रश्न हाच की, त्याने काचेच्या आत बसून लिहावे, की ती मुळे उकरून दाखवावीत?

दोदेने हसून उत्तर दिले. त्याची कादंबरी उघडते तीच रिगीच्या माथ्यावरील भव्य हॉटेलात, १८८० च्या ऑगस्टमधील एका धुकट संध्याकाळी. सुटाबुटातील पाहुणे खिडकीपाशी कंटाळून बसले आहेत. आणि आगगाडी असताना पायी चढून आलेला, दोर, कुऱ्हाड आणि खिळ्यांचे जोडे यांनी लादलेला एक गोलमटोल गृहस्थ दारात उभा राहतो. हाच तारास्काँ गावचा थोर वीर तार्तारँ. भोजनाच्या वेळी सहाशे पाहुण्यांच्या त्या सभेत दोन पक्ष पडलेले असतात: एक भाताची खीर घेणाऱ्यांचा आणि दुसरा शिजविलेले सुके अलुबुखार घेणाऱ्यांचा. दोन्ही पक्ष एकमेकांकडे तिरस्काराने पाहतात, एक अक्षर बोलत नाहीत. समोर आल्प्सची सारी रांग पसरली असता माणसांच्या मनाला व्यापून टाकणारा भेद काय, तर जेवणानंतरच्या पक्वान्नाचा! दोदेचा हा फटका अचूक बसला आहे. आजही एखाद्या महागड्या पर्वतीय हॉटेलातील पंगत पाहणाऱ्याला तो आठवल्याशिवाय राहणार नाही.

पुढे बोंपार नावाचा त्याचा गाववाला त्याला एक गुपित सांगतो. स्वित्झर्लंड म्हणून देश असा नाहीच. ती एका बड्या कंपनीने चालविलेली, जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघडी राहणारी एक अवाढव्य करमणुकीची जागा आहे. धबधबे, हिमनद्या, सगळे सजविलेले. आणि बर्फाच्या भेगेत कोणी पडलाच, तर तळाशी एक दरवान उभा असतो, तो कपडे झटकून देतो आणि सामान कोठे आहे म्हणून विचारतो. तार्तारँ या थापेवर विश्वास ठेवतो, आणि म्हणूनच युंगफ्राउ शिखरावर बिनधास्त चढून जातो. थाप कळते ती माँ ब्लांवर, आणि तेव्हा भयाने त्याचे पाय लटपटतात. एका दोराला बांधलेले ते दोघे मित्र घसरू लागतात. आणि नंतर तो दोर सापडतो तेव्हा असे दिसते की, तो दोन्ही बाजूंनी कापलेला आहे. बोंपार गावी परतून मित्राच्या मरणाची करुण कहाणी सांगत असतानाच तार्तारँ दारातून आत येतो.

या कादंबरीचा कळस म्हणजे तो भेगेतला दरवान. उंचावरचे हॉटेल आपल्या पाहुण्याला मुळात हेच आश्वासन विकते की, तुम्ही कोठेही पडलात तरी खाली आमचा माणूस उभा आहे. दोदेने ते आश्वासन उघडे पाडले, ही त्याची मोठी कामगिरी. परंतु त्याचा नायक खाली उतरतो, तेव्हा त्याची हानी काय होते? काहीच नाही. दोर कापला गेला, मैत्री मात्र शाबूत राहिली. गावही तेच, फुशारकीही तीच. विनोदाने उतरण फुकटात पार पाडली. प्रहसनाचा तो हक्कच आहे, आणि त्याबद्दल दोदेला दोष देता येणार नाही. पण आपली कसोटी त्याने टाळली, एवढे म्हणावेच लागते.

मानची गोष्ट फार निराळी. त्याच्या कादंबरीतील बेर्गहोफ हे दावोस येथील क्षयरोग्यांचे सॅनिटोरियम आहे, हॉटेल नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. पण त्या दोहोंतील भिंत किती पातळ असते, हे तर त्या ग्रंथाचेच एक प्रतिपादन आहे. दिवसातून पाच वेळा भरगच्च भोजन, ठरलेली मेजे, सज्जातील आरामखुर्चीवर दोन उबदार कांबळ्यांत गुंडाळून पडून राहणे, आणि दर आठवड्यास हिशेबाचे बिल. त्याच कादंबरीत नावानिशी उल्लेखिलेले, १९०० साली सुरू झालेले शात्साल्प येथील सॅनिटोरियम पुढे १९५४ साली हॉटेल झाले. मान स्वतः १९१२ साली पत्नीच्या आजारपणात तीनएक आठवडे दावोसला जाऊन राहिला होता. तेथील डॉक्टरने त्यालाही तपासून, आपणही येथेच राहावे हे बरे, असा सल्ला दिला. मानने तो मानला नाही. तो उतरला, आणि पुढे बारा वर्षांनी पुरी झालेल्या कादंबरीत त्याने आपल्या नायकाला मात्र वर ठेवून घेतले. तीन आठवड्यांसाठी मावसभावाला भेटावयास गेलेला हान्स कास्टॉर्प सात वर्षे तेथून हालत नाही.

उंचीवर काळ कसा विरघळतो, हे मानइतके कोणी दाखविलेले नाही. पहिल्या दिवसाला त्याने पानेच्या पाने दिली आहेत. पुढची वर्षे थोडक्यात उडून जातात. तेथील रहिवासी खालच्या जगाला नुसते ‘सपाट प्रदेश’ म्हणून संबोधितात, आणि त्या शब्दात जी तुच्छता आहे, ती हळूहळू कास्टॉर्पच्याही जिभेवर येते. उतरण्याचा प्रश्न मानने पहिल्याच दिवशी उभा केला आहे. हिवाळ्यात वरच्या सॅनिटोरियममधील प्रेते बर्फावरच्या घसरगाडीने खाली पाठवितात, ही बातमी नवख्या कास्टॉर्पला गाडीतून येतानाच कळते, आणि त्याला हसू आवरत नाही. नियमितपणे खाली उतरणारी अशी या पर्वतावर ही प्रेतेच. कास्टॉर्पचा मावसभाऊ योआखिम डॉक्टरचा सल्ला झुगारून सैन्यात रुजू होण्यासाठी उतरतो. आणि परत येतो तो मरण्यासाठीच. अखेर १९१४ चे महायुद्ध वीज कोसळावी तसे कोसळते आणि नायकाला उचलून रणांगणाच्या चिखलात टाकते. तेथे तो धुरात दिसेनासा होतो. तो जगला की मेला, हे लेखक सांगत नाही.

हा शेवट भव्य आहे आणि मनावर कायमचा कोरला जातो. परंतु तो बारकाईने पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. कास्टॉर्प स्वतः उतरत नाही. इतिहास त्याला उतरवितो. आणि एकटा तोच नव्हे, तर सारे युरोपच त्याच्याबरोबर खाली येते. सगळ्यांचीच पडझड झाली म्हणजे कोण किती उंचीवरून पडला, हा प्रश्न उरत नाही. शिवाय त्याचे बिल. कास्टॉर्प सुरुवातीला त्याचा हिशेब करतो, आणि तो वडिलोपार्जित पैशाच्या व्याजात आरामात बसतो. तेव्हापासून सातशे-आठशे पानांच्या त्या ग्रंथात पैसा ही नायकापुरती न बोलण्याची बाब होऊन जाते. मृत्यू, काळ, प्रेम, मानवता आणि संन्यस्त दहशत यांवर तेथे जे वाद झडतात ते अलौकिक आहेत. पण ते वाद करावयास सात वर्षे मोकळी कोणाच्या श्रमावर मिळाली, हे विचारावयास सेत्तेंब्रीनीसारखा गरीब व बुद्धिमान प्रवक्तादेखील कास्टॉर्पला फारसे भाग पाडीत नाही. मानची नजर काचेच्या आतील आहे. ती त्या शतकातील सर्वांत तीक्ष्ण नजरांपैकी एक आहे, हे खरे. पण ती आतून बाहेर पाहते.

त्स्वाइग बाहेरून आत पाहतो. त्याची कादंबरी पर्वतावर सुरूच होत नाही. ती सुरू होते ऑस्ट्रियातील क्लाइन-राइफ्लिंग या आडगावच्या टपालकचेरीत, १९२६ साली. त्या कचेरीतील टेबल, टाक, शिसपेन्सिली, सर्व काही सरकारी यादीत नोंदलेले. एक झिजल्याशिवाय दुसरे मिळावयाचे नाही. या यादीतीलच एक वस्तू म्हणावी अशी क्रिस्टीने ही अठ्ठावीस वर्षांची तरुणी तेथे काम करते. युद्धाने आणि युद्धानंतरच्या महागाईने तिच्या घराचे वैभव धुऊन नेले आहे. आई रुग्णशय्येवर आहे. आणि तिचे तारुण्य केव्हा आले व केव्हा गेले, हे तिलाही कळलेले नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारा घेणाऱ्या या मुलीच्या हाती एक दिवस स्वतःच्या घरची तार पडते. अमेरिकेत जाऊन श्रीमंत झालेली मावशी स्वित्झर्लंडातील पाँट्रेसिना येथे उतरली आहे, आणि आईला येता येत नसल्यास मुलीने तरी यावे, असे निमंत्रण आहे.

पाँट्रेसिना हे एंगाडीन खोऱ्यातील सुमारे १,८०० मीटर उंचीचे गाव. तेथे पोचण्यापूर्वीच, आगगाडीच्या खिडकीतून, क्रिस्टीनेला पहाटे प्रथम हिमशिखरे दिसतात. आणि त्या दर्शनात आनंदाबरोबर एक घाव आहे. असे काही जगात होते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता! निसर्गवर्णन पुष्कळांनी केले आहे; परंतु निसर्गाचे सौंदर्यदेखील काहींना मिळते व काहींपासून राखून ठेवले जाते, ही जाणीव एका वर्णनात इतक्या सहजपणे आलेली क्वचितच आढळेल. तार्तारँच्या पंक्तीतील सहाशे जण पर्वताकडे पाठ करून बसतात, कास्टॉर्पला तो वैचारिक साक्षात्कारासाठी लागतो. या पोस्टातल्या मुलीला तो नुसता दिसतो, आणि दिसला हेच पुष्कळ होते.

नंतर हॉटेल. टपालकचेरीत खिडकीच्या आत बसून जिने लोकांना ताटकळत उभे केले, ती आता जुनी हलकी प्रवासपेटी हातात घेऊन दुसऱ्या एका गल्ल्यापुढे उभी राहते, आणि दरवानाच्या एका दृष्टिक्षेपाने अर्धमेली होते. तिला भीती पाहुण्यांपेक्षा नोकरांची अधिक वाटते. कारण कोणता कोट किती किमतीचा, हे नोकराला चटकन कळते. मावशी तिला नवे कपडे चढविते, केस कापून घेते, आणि दोन दिवसांत ती ओळखू येईनाशी होते. कोणीतरी तिला मावशीच्या आडनावाने, तेही खानदानी उपपदासह, हाक मारतो. ती दुरुस्त करीत नाही. येथे त्स्वाइगची मार्मिकता दिसते. क्रिस्टीने खोटे बोललेली नाही. तिने फक्त एक चूक तशीच राहू दिली. आणि त्या नव्या नावाच्या आड तिचे हसणे, नाचणे, बोलणे मोकळे झाले. दडपून टाकलेले तारुण्य हॉटेलने तिला दिले नाही, ते तिचेच होते. हॉटेलने फक्त ते प्रकट करण्याचा परवाना दिला, आणि जो परवाना देतो तो परतही घेऊ शकतो.

तो परत घेतला जातो तो मोठ्या अपराधासाठी नव्हे. एक मत्सरी मुलगी तिची खरी माहिती काढते, कुजबुज पसरते. मावशी तिला पाठीशी घालील अशी अपेक्षा असते. पण मावशीचा स्वतःचा भूतकाळ तितकाच नाजूक आहे. तीही एके काळी खालूनच वर आलेली, आणि एका लफड्यावर पैसे घेऊन परदेशी पाठविलेली. तिच्या मनातील दुष्टाव्यापेक्षा भय मोठे आहे, आणि त्या भयापोटी ती भाचीला तडकाफडकी परत पाठविते. पिढीजात श्रीमंतापेक्षा नुकता चढून आलेला माणूस हॉटेलचे दार अधिक घट्ट लावून घेतो, हे निरीक्षण कटू आहे, पण खरे आहे. याच सुमारास आईही जाते. क्रिस्टीने पुन्हा त्याच खिडकीआड, त्याच मोजलेल्या पेन्सिलींमध्ये येऊन बसते.

आणि येथून कादंबरीचा उत्तरार्ध सुरू होतो, जो पुष्कळांना रुचत नाही. क्रिस्टीने आता चिडखोर झाली आहे, गावकऱ्यांवर खेकसते, रविवारी व्हिएन्नास जाते. तेथे तिला फर्डिनांड भेटतो. युद्धात पकडला जाऊन सैबेरियात वर्षे काढलेला, हाताची बोटे निकामी झालेला, शिल्पज्ञ होऊ पाहणारा व मजुरी करणारा हा तरुण. दोघांना एकांत हवा तर घर नाही, म्हणून ती एका घाणेरड्या हॉटेलात एका रात्रीपुरती खोली घेतात, आणि त्याच रात्री पोलिसांची धाड पडते. पाँट्रेसिनाच्या हॉटेलात तिचे नाव चुकले तरी कोणी कागद मागितला नव्हता. येथे खरे नाव असूनही कागद दाखवावे लागतात. ही दोन हॉटेले शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, म्हणजे या कादंबरीची बांधणी किती विचारपूर्वक आहे ते ध्यानी येईल. दोघे आत्महत्येचा विचार करतात; मग तो बाजूला ठेवून टपालकचेरीतील पैसे घेऊन पळण्याचा बेत तपशीलवार आखतात; आणि तिचा होकार आला न आला तोच हस्तलिखित संपते. त्स्वाइग १९३४ साली ऑस्ट्रिया सोडून गेला, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्राझीलमधील पेत्रोपोलिस येथे त्याने पत्नीसह जीवनयात्रा संपविली. कादंबरी त्याच्या कागदपत्रांत राहिली. आजचे जर्मन नावदेखील संपादकांनी ठेवलेले आहे.

या ग्रंथावर दोन आक्षेप घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, पूर्वार्ध परीकथेसारखा व उत्तरार्ध फौजदारी खटल्यासारखा, यामुळे दोन भागांचा सांधा जुळत नाही. शिवाय त्स्वाइगला एका विशेषणावर कधीच समाधान नसते. विशेषणांविषयीची तक्रार मला मान्य आहे. भावनेच्या भरात तो एकच गोष्ट तीनदा सांगतो, आणि मानच्या संयमी उपरोधापुढे त्याचे गद्य कित्येकदा घामाघूम झालेले दिसते. परंतु सांध्याविषयीचा आक्षेप टिकणारा नाही. पहिल्याच पानांवर सरकारी यादी आणि मोजलेल्या पेन्सिली यांचे जे बारीक वर्णन आहे, ते उगीच केलेले नाही. जिने सरकारची एक पेन्सिलही कधी इकडची तिकडे केली नाही, तीच अखेर त्याच कचेरीच्या पेटीवर हात टाकावयास निघते. या दोन टोकांमधील अंतर पाँट्रेसिनाच्या त्या थोड्या दिवसांनी कापले. उत्तरार्ध काढून टाकला, तर पूर्वार्ध ही एका गरीब मुलीच्या सुट्टीची गोड गोष्ट होईल, आणि ती खोटी होईल.

दुसरा आक्षेप नीतीचा. ती गेली नसती तर बरे झाले असते, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे तर अंथरूण पाहून पाय पसरण्याचा उपदेश तोंडावरच असतो. हा उपदेश शहाणपणाचा आहे, आणि संसारात त्याचा उपयोगही पुष्कळ होतो. पण कादंबरीकाराचे काम उपदेशापाशी संपत नाही. अंथरूण मुळात इतके आखूड कोणी बेतले, हे त्स्वाइग विचारतो. ज्या युद्धाने क्रिस्टीनेचा भाऊ, फर्डिनांडची बोटे आणि दोघांचीही दहा वर्षे घेतली, त्याच युद्धाच्या काळात दुसरे कोणी कापूस विकून किंवा समभाग घेऊन वर चढले, आणि आता पाँट्रेसिनाच्या काचेआड बसून हिमशिखरे पाहत आहेत. लेखकाने कोठेही व्याख्यान दिलेले नाही. त्याने एका मुलीला वर नेले, खाली आणले, आणि दोन्ही वेळा तिच्या चेहऱ्याकडे पाहण्यास वाचकास भाग पाडले. गुन्ह्याचे तो समर्थन करीत नाही. पण तो गुन्हा अनाकलनीय आहे असे म्हणण्याची सोय मात्र वाचकास ठेवीत नाही.

पुण्य सरले की स्वर्गातून खाली यावे लागते, हा आपल्या पुराणांतील जुना हिशेब आहे. महाभारतात ययाती असाच स्वर्गातून कोसळतो. पण त्याचे भाग्य असे की, पडतापडता त्याला त्याचे नातू भेटतात, आपापले पुण्य देऊ करतात, आणि तो पुन्हा वर जातो. ऋषींनी लिहिलेल्या कथेत कोणीतरी आपल्या गाठचे देणारा असतो. दोदेच्या कथेत भेगेच्या तळाशी दरवान असल्याची निदान थाप तरी असते. त्स्वाइगच्या कथेत क्रिस्टीने पडते तेव्हा तिला भेटणारा फर्डिनांड तिच्याइतकाच रित्या हाताचा आहे. तो तिला एवढेच देऊ शकतो की, तिच्या संतापाला शब्द देतो. कादंबरी अपुरी राहिली याचे अनेकांना वाईट वाटते. मला ते तितकेसे वाटत नाही. कारण अशा दोघांची पुढची वाट कोणती, याचे प्रामाणिक उत्तर त्या काळच्या ऑस्ट्रियात कोणत्याही लेखकाजवळ असेल, असे मानणे कठीण आहे.

एवंच, तिन्ही ग्रंथ वाचनीय आहेत, आणि ज्या वाचकास सवड असेल त्याने ते याच क्रमाने वाचावेत. दोदे त्याला हसवील, मान त्याला विचार करावयास लावील आणि बराच काळ आपल्या पर्वतावर ठेवून घेईल. परंतु वर गेलेल्याला खाली यावे लागते, खाली त्याची वाट पाहणारी खिडकी तीच असते आणि ती उघडून बसणारा मनुष्य मात्र तो राहिलेला नसतो, ही गोष्ट त्याला त्स्वाइगच सांगेल. उंचावरच्या सुखासीन मुक्कामावर यापुढे जो कोणी लिहील, त्याने खिडकीतील शिखरांचे वर्णन खुशाल करावे. पण ती काच कोण पुसतो आणि तो संध्याकाळी कोठे उतरून जातो, हेही एकदा पाहून ठेवावे.